दिसलं का?

काकांनी पोह्यांवर जीरावन भुरभुरवलं, डबीचं झाकण फिरवून घट्ट लावलं आणि मान वर न करताच विचारलं, "मग? दिसलं का?" काय, ते विचारायची गरजच नव्हती. आमच्या घरात गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं या क्रियापदाचा कर्ता एकच आहे. मी घास गिळला आणि म्हणाले, "हो, दिसलं ना." समोर बसलेल्या माझ्या लेकीचा चमचा बशीवर टेकला तो तिथेच राहिला. "केव्हा?" "पहाटे, काका." "पहाटे म्हणजे किती वाजता?" "साडेचार-पावणेपाच." "गुलाबी होतं?" "आधी गुलाबी, मग केशरी, मग ऊन वर आलं तसं पांढरं." काकांनी डोळे मिटून सावकाश मान हलवली. उभा जन्म गिरणीच्या हिशेबखात्यात गेलेला माणूस, ताळेबंद जुळला की त्यांची मान अशीच हलत असणार. मला चेव चढला. मग मी त्यांना निजलेला बुद्धही सांगितला, डोकं कुठलं शिखर, पोट कुठलं, पाय कुठले, सगळं. "फोटो?" त्यांनी विचारलं. "थंडीनं मोबाइलची बॅटरी बसली हो नेमकी." या सगळ्यात एवढंच एक वाक्य खरं होतं.

कांचनगंगा आम्हाला दिसलं नाही. सहा दिवसांत एकदाही नाही.

काकांच्या मधल्या खोलीत देवघराशेजारच्या भिंतीवर एक कॅलेंडर आहे. खरं तर कॅलेंडरातलं फक्त चित्र. तारखांचे कागद कधीच फाडून झाले, त्यांच्या पाठीवर काकूंनी वाण्याच्या याद्याही करून टाकल्या. गिरणीला रंग पुरवणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं दिवाळीला दिलेलं. दार्जिलिंगहून काढलेला फोटो आहे : खाली काळी झाडं, मध्ये धुक्याचा पट्टा आणि वर ते. त्यातला गुलाबी रंग इतक्या वर्षांत उडून दातांच्या डॉक्टरकडे चूळ भरायला देतात त्या पाण्यासारखा झालाय. काका-काकू एकदा जाणार होते. तिकिटं काढून झाली होती. त्याच वर्षी गिरणीला टाळं लागलं, तिकिटं रद्द झाली आणि परत आलेल्या पैशांतून काकूंनी प्रेशर कुकर घेतला. तो अजून शिट्ट्या देतो. पुढे काकूंचे गुडघे, मग काकांचं हृदय, मग काकूच नाहीत. कुणी सिमल्याहून येवो की केदारनाथहून, काकांचा प्रश्न ठरलेला, दिसलं का? केदारनाथहून कांचनगंगा कसं दिसेल काका, असं म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. आणि आता मी, त्यांची सख्खी पुतणी, खास त्याच डोंगरासाठी जाऊन आले होते. निघताना त्यांनी माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली होती. "वर गेलात की चहा घ्या."

लेक परतीच्या वाटेवर स्कूटरवर काही बोलली नाही. लोकमान्य नगरातून बाहेर पडून पहिल्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून हेल्मेटमधून आवाज आला, "आई, तू खोटं का बोललीस?" सिग्नलवर नव्वद सेकंद होते. मला उत्तर सापडलं नाही. गेले तीन आठवडे ते शोधतेय.

मे महिन्यात इंदूर बेचाळीस अंशांवर असताना आम्ही निघालो. महूहून कामाख्येला जाणारी आठवड्यातली एक गाडी आहे, तिच्यात दोन रात्री काढल्या की न्यू जलपाईगुडी. तिथून डोंगर चढून मानेभंज्यांग. तिथून सिंगलिला धारेनं, एक पाय बंगालात आणि एक नेपाळात ठेवत, संदकफू आणि फालुत. मुक्काम वाटेवरच्या झोपड्यांमध्ये. 'ट्रेकर्स हट' म्हणतात त्यांना, पण म्हणजे फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत ओळीनं खाटा, आणि माणसाला अंथरुणात जागीच खिळवून ठेवतील अशा वजनाच्या रजया. मे महिना पडतो पावसाळ्याच्या तोंडावर. मध्य जूनला सिंगलिलाचं राष्ट्रीय उद्यान बंद होतं, म्हणजे आम्ही तसे दार लागता लागता आत घुसलेले. सगळ्यांनी सांगितलं होतं की दुपारनंतर हवा बिघडते, पहाट मात्र बहुतेक स्वच्छ असते. त्या 'बहुतेक'वर आमचं सगळं बेतलेलं होतं.

पहिल्या चढावरच पाणी पडायला लागलं. हे 'पाणी पडणं' खास आमचं इंदुरी. पुण्याला मावसबहिणीकडे मी एकदा "बाहेर पाणी पडतंय" म्हटलं तर ती टेरेसवरची टाकी बघायला धावली होती. तिच्याकडे पाऊस पडतो. आमच्याकडे हिंदीच्या शेजारात राहून राहून पाणी पडतं. आता तुमलिंगला, नेपाळच्या हद्दीत, ओल्याचिंब अवस्थेत एका स्वयंपाकघरात शिरलो तर चुलीपाशी बसलेल्या आजीबाई आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पानी पऱ्यो!" मी खुळ्यासारखी हसत उभी राहिले. पन्नास वर्षं ज्या वाक्यासाठी टोमणे खाल्ले ते तीन हजार मीटरवर कुणीतरी इतकं सहज बोललं होतं. "हो ना आजी, पाणी पडलं," मी मराठीतच म्हणाले, आणि त्यांनी समजून मान डोलावली. लेकीनं कपाळाला हात लावला.

तुमलिंगच्या अलीकडे मेघमा नावाचं गाव लागतं. नावातच ढग. तिथं सीमा सुरक्षेच्या जवानानं आमची ओळखपत्रं बघितली तेव्हा कागद दाखवणारा हात दिसत होता, जवान जेमतेम, आणि त्याच्यामागे काहीच नाही. हे 'काहीच नाही' पुढे सहा दिवस आमच्याबरोबर चालत राहिलं. धुक्यात चालण्याबद्दल लोक फार हळवं लिहितात. मला पहिला दिवसभर चीड येत होती. एवढे पैसे, एवढी रजा, गुडघ्यांना पट्टे, आणि दिसतंय काय, तर पुढच्या माणसाची सॅक आणि पायाखालचे दगड. दुसऱ्या दिवशी चीड गेली असं नाही, पण तिच्यावरचं लक्ष उडालं. वीस पावलांपलीकडचं जग बंद झालं की वीस पावलांच्या आतलं फार मोठं होतं. दगडांवरचं शेवाळ तीन जातींचं होतं. फाटक्या प्रार्थनापताका दिसायच्या आधी ऐकू यायच्या, ओल्या कापडाचा फडफडाट नव्हे, फटकारा. झोच्या, म्हणजे याक आणि गाईच्या संकराच्या, गळ्यातली घंटा डावीकडे वाजायची आणि जनावर उजवीकडून निघायचं. कधीतरी मागून खूप जुन्या लँड रोव्हरचा खोकल्यासारखा आवाज यायचा, आपण कडेला सरकायचं, दोन पिवळे डोळे जवळ यायचे, डिझेलचा वास यायचा आणि गाडी परत ढगात विरघळायची. या गाड्या कित्येक दशकांपूर्वीच्या ठेवणीतल्या, अजून त्या चढावर चालतात.

कालापोखरीच्या थोडं आधी गारा आल्या. दहा मिनिटंच, पण हरभऱ्याएवढ्या. आमचा वाटाड्या, विशीतला पोरगा, आम्हाला एका झाडाखाली ढकलून स्वतः बाहेरच उभा राहिला, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद धरून. गारा थांबल्या तेव्हा वाटेचा रंग बदललेला होता. वरची गुरांसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, उशिरा फुललेली झाडं सडकून निघाली होती आणि लाल पाकळ्या चिखलात चेचल्या गेल्या होत्या. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघून गेल्या की पहाटे रस्त्यावर जो ओला गुलाल उरतो, हुबेहूब तसं. लहानपणी काकांच्या खांद्यावर बसून त्या झांक्या बघायचे मी. त्यांच्या गिरणीची झांकी आली की ते मला उगाच दोन इंच वर उचलायचे.

संध्याकाळच्या स्वयंपाकघरांबद्दल लिहायचं तर हा लेख संपणार नाही. झोपडीत उबेची जागा एकच, चूल. तिच्याभोवती सगळे : आम्ही, दोन बंगाली भाऊ, एक वयस्कर जर्मन बाई, तीन वाटाडे, एक मांजर. वर तारेवर मोजे. कुणाचे मोजे कुणाच्या चहाच्या बरोबर वर ठिबकताहेत यावर एक अबोल राजकारण चालायचं, आणि मी त्यात वाईट वागले हेही लिहून टाकते. कालापोखरीला आमच्या मागून पोचलेल्या एका मुलीचे बूट पार भिजलेले होते आणि चुलीला अगदी लागून माझे बूट होते, जवळजवळ सुकलेले. मी बघितलं, आणि सरकवले नाहीत. लेकीनं सरकवले, माझेच. मी त्यावर काही बोलले नाही, तीही नाही. नंतर पश्चात्तापापोटी की काय मी सॅकमधली रतलामी शेव काढली आणि सगळ्यांच्या डाळभातावर पेरली. तिथं डल्ले नावाच्या गोल लाल मिरच्यांचं लोणचं असतं, एक मिरची जेवणभर पुरते. डल्लेचा जाळ, त्यावर लवंगेच्या शेवेचा जाळ, जर्मन बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या आणखी मागत होत्या. काकांची नोट तोपर्यंत भिजून लगदा व्हायच्या बेतात होती, ती मी मोज्यांच्या शेजारी चिमट्यानं लटकवली. महात्मा गांधी रात्रभर धुरात.

रोज पहाटे चारला दारावर टकटक व्हायची. "उठिए, देखते हैं." आम्ही सगळं अंगावर चढवून बाहेर. बाहेर म्हणजे दुधात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, नाकाचा शेंडा बधिर. मग वाटाड्या म्हणायचा, "भोलि." उद्या. झोपडीवाल्याही म्हणायच्या, "भोलि देखिन्छ," उद्या दिसेल. हा शब्द मला इतका पाठ झाला की आता बँकेच्या माणसानं "मॅडम, कल हो जाएगा" म्हटलं की माझ्या तोंडून भोलि निघतं.

तिसऱ्या दिवशी विखेभंज्यांग. भंज्यांग म्हणजे खिंड, आणि विखे म्हणजे विखच, आपल्या जुन्या मराठीतलं. इथं बचनाग उगवतो, गुरं खाऊन मरतात. संदकफूच्या नावाचा अर्थही विषारी झुडपांचा माथा असाच सांगतात. शेवटचा चढ उभा, वर दम लागलेला, आणि ३६३६ मीटर अशी पाटी आली तेव्हा पाटीखेरीज काहीही आलं नाही. बंगालमधलं सगळ्यात उंच ठिकाण. इथून कांचनगंगा तर समोर दिसतंच, शिवाय एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार. आम्ही चारींकडे तोंड करून उभे राहिलो. चारींकडे सारखंच होतं.

तिथल्या झोपडीतली दीदी वरण ढवळत होती. मी दारात उभी, बहुधा तोंड फारच उतरलेलं. तिनं विचारलं, कुठून आलात. इंदौर म्हटल्यावर तिला नीट कळलं नाही, पण दोन रात्री गाडीत म्हटल्यावर कळलं. तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि हातातल्या डावासकट माझ्या पुढून मागच्या दारात गेली. पायरीवर उभी राहिली. समोर पांढरी भिंत. तिनं डाव उचलला आणि डावीकडे एका जागी टेकवला, हवेतच. "कुम्भकर्ण. ये सर." मग डाव थोडा उजवीकडे, वर. "ये कांचनजंगा. छाती, पेट." मग सावकाश उतार काढत आणखी उजवीकडे. "पाण्डिम. पैर. बुद्ध सोया है." कुठेही अडखळली नाही, हात मागे घेऊन दुरुस्त केला नाही. रात्री दिवे गेल्यावर आपल्या घरातलं बटण जसं हाताला आपोआप सापडतं, तसा तो डाव त्या ढगात जाऊन नेमका लागत होता. मग अंगानं पार डावीकडे वळून लांब एक ठिपका दिला, "उता सगरमाथा." म्हणजे एव्हरेस्ट. डावातून वरणाचे थेंब पायरीवर पडत होते. कुम्भकर्णाखाली दोन, कांचनजंगाखाली एक मोठा. कुत्रं आलं आणि त्यानं ते ओळीनं चाटून टाकले. दीदी आत गेली, वरणाला फोडणी दिली. त्या दुपारी काकांच्या नोटेचा चहा झाला, स्वयंपाकघरात होते तेवढ्या सगळ्यांना. मी पायरीवरच बसून प्यायले, भिंतीकडे तोंड करून.

फालुतचे एकवीस किलोमीटर आम्ही पावसात काढले. फालुत म्हणजे सोललेला, उघडा डोंगर असा काही लेपचा अर्थ आहे म्हणतात. वारा तरी तसाच होता, सोलणारा. झोपडीत मेणबत्ती, आणि पत्र्यावर रात्रभर कुणीतरी खुर्च्या ओढतंय असा आवाज. बॅटरी बसली ती तिथे. पहाटे टकटक झाली तेव्हा लेक म्हणाली, "तू जाऊन ये, मला सांग." मी गेले. नव्हतं. आत येऊन तिला सांगायला लागले तर ती झोपली होती. मी रजईत शिरले, पाय तिच्या पायांना लावले, ते गरम होते, तिनं झोपेत शिवी दिली आणि पाय काढले नाहीत. बाहेर वारा, आत धुराचा, ओल्या लोकरीचा, रॉकेलचा वास. का कुणास ठाऊक, मला त्या वेळी फार म्हणजे फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी गोरखेला उतरलो आणि ऊन पडलं. झऱ्याकाठचं देखणं गाव, मक्याची कोवळी शेतं, अंगणात कोंबड्या. वर बघितलं तर आमची सगळी धार अजून ढगात गाडलेली. सहाव्या दिवशी परत पाणी, आणि वर जळवा.

आता सिग्नलवरचा प्रश्न. मी घरी आल्यावर लेकीशी वकिली केली. म्हटलं, हे बघ, १९५५ साली बँड आणि ब्राउन कांचनगंगावर पहिल्यांदा चढले, ते माथ्याच्या काही फूट खाली थांबले. शिखर पवित्र आहे, त्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिला होता म्हणून. तरी जग त्यांना पहिले चढणारेच म्हणतं ना? मग आपणही थोडं अलीकडे थांबलो. ती म्हणाली, "आई, त्यांना समोर दिसत होतं." यावर माझ्याकडे काही नव्हतं. मग म्हटलं, काका शहाऐंशीचे आहेत, त्यांना वाईट वाटलं असतं. हेही अर्धंच. खरी गोष्ट ही की 'नाही दिसलं' म्हटल्याबरोबर काका म्हणाले असते, "अरेरे." सगळेच म्हणाले असते. आणि तो अरेरे नुसता डोंगरावर पडून थांबला नसता. तो दीदीच्या डावावर, डल्ले आणि शेवेवर, फालुतच्या गरम पायांवर, सगळ्यावर पसरला असता. माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. 'नाही दिसलं पण' असं सुरू होणारं प्रत्येक वाक्य समजूत काढल्यासारखं वाटतं. तेव्हा मी सोपं केलं. गंमत अशी की जो गुलाबी रंग मी काकांना वर्णन करून सांगितला तो त्यांच्याच भिंतीवरचा होता. वेळ वाटाड्याची, आकार दीदीचा, रंग कॅलेंडरचा. माझं त्यात फक्त 'हो'.

मागच्या रविवारी सांगून टाकायचं ठरवून गेले. लेक बरोबर होती, मुद्दाम, साक्षीदार म्हणून. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, हातात पोह्यांची बशी, समोर शेजारचे दोघे निवृत्त काका कट्ट्यावर. आम्हाला बघूनही काका थांबले नाहीत. "पहाटे साडेचारला उठायचं," ते सांगत होते. "बाहेर यायचं. आधी काही नाही. मग नुसतं टोक पेटतं." हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. "एवढंसं टोक. मग गुलाबी खाली उतरायला लागतं, जिना उतरल्यासारखं." त्यांनी चमचा उचलला आणि समोरच्या घराच्या गच्चीवर, डिशच्या छत्रीपासून काळ्या टाकीपर्यंत, एक रेघ ओढली. चमच्यावरचे दोन पोहे शेजाऱ्याच्या चपलेवर पडले. "अख्खा बुद्ध निजलाय. इकडे टाकीपाशी डोकं, आणि तिकडे छत्रीकडे पाय."

लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"उलटं, काका," मी म्हणाले. "डोकं छत्रीकडे. टाकीपाशी पाय."